घरोटाचं आयुष्य टाकीच्या टोकावर

खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींनी (१८८०–१९५१) त्यावर कविता रचली. काळ्या बेसाल्टचा हा दगड पिढ्यान्‌पिढ्या टिकला, याचं श्रेय दगडाच्या टणकपणाला दिलं जातं. ते अपुरं आहे. दळून दळून पाळी, म्हणजे जात्याची दळणारी दगडी तबकडी, गुळगुळीत झाली की दाणा कापला जात नाही, नुसता चेपला जातो. पीठ जाडंभरडं येतं आणि ओढणाऱ्या बाईच्या खांद्यावर भार वाढतो. म्हणून छिन्नी-हातोड्याने पाळीवर पुन्हा खाचा पाडाव्या लागत. यालाच टाकी लावणं म्हणतात. या कामावरून टकारी जमातीला नाव मिळालं.

टाकीने दगड झिजतो, मग आयुष्य वाढलं कसं, असा आक्षेप घेता येईल. दगड झिजतो हे खरंच. पण बोथट जातं शाबूत राहिलं तरी निरुपयोगी; थोडं झिजून धार राखणं हीच खरी टिकवण. गिरणी आल्यावर हे ज्ञान कालबाह्य झालं, असंही म्हणता येणार नाही, कारण दगडी चक्कीलाही टाकी लागतेच. आजच्या मिक्सरच्या पात्यालाही हाच न्याय लागू आहे. वस्तू विकत घेतल्याने टिकत नाही, वेळेवर निगा राखल्याने टिकते.