साष्टींतील ख्रिस्ती मंडळींची उपासना : दोतोर्न आणि पुराण

साष्टी महालांतील ख्रिस्ती समाजाचा इतिहास लिहितांना देवालयांचा विध्वंस, सक्तीचें धर्मांतर व इन्क्विझिशन यांचा विचार प्रथम होतो आणि तो यथार्थच आहे. परंतु धर्म पालटल्यावर एकाच घरांतील आजा, मुलगा व नातू एकत्र प्रार्थनेस उभे राहिले ते कोणत्या शब्दांनीं, हा प्रश्नही दुर्लक्षिण्याजोगा नाहीं. प्रस्तुत लेखांत त्याचाच विचार कर्तव्य आहे.

ता. ६ मे १५४२ रोजीं गोव्यास आलेला फ्रान्सिस झेवियर हातांत घंटा घेऊन रस्त्यांतून फिरे, आणि मुलें व दासदासी यांस जमवून प्रार्थना शिकवी. तामिळ किनार्‍यावरील आपल्या कार्याविषयीं जानेवारी १५४४ च्या पत्रांत तो लिहितो कीं, रविवारीं स्त्रीपुरुष व लहानथोर सर्वांस एकत्र करून त्यांच्याच भाषेंत प्रार्थना म्हणविल्या जात; आणि मुलांनीं शिकलेलें घरीं जाऊन आईबापांस व शेजार्‍यांस शिकवावें, अशी त्याची आज्ञा असे. या पद्धतीनें कुटुंबांतील क्रम उलटा झाला. धर्मज्ञान आजवर वडिलांकडून मुलाकडे येत असे, तें आतां मुलाकडून वडिलांकडे जाऊं लागलें.

साष्टी व बारदेश हे महाल १५४३ मध्यें पोर्तुगीजांच्या ताब्यांत गेले. पुढें १५६७ मध्यें साष्टींतील देवळें पाडण्यांत आलीं. पुराणश्रवणाची सवय असलेल्या वृद्धांचीं पुराणें गेलीं. त्यांच्या जागीं आली ती दोतोर्न, म्हणजे प्रश्नोत्तररूपी धर्मशिक्षा. ती मुलांना पाठ होई. पण प्रौढांची श्रवणाची भूक तिनें भागण्यासारखी नव्हती.

ही उणीव ओळखणारा पुरुष म्हणजे फादर टॉमस स्टीफन्स. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्यें गोव्यास आला व १६१९ मध्यें वारला. मधलीं वर्षें बहुतेक साष्टींतच गेलीं. त्याचें मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्यें रायतूर येथें छापलें गेलें. त्याच्या आरंभींचा प्रसंग मार्मिक आहे. चर्चमध्यें मुलांची दोतोर्न चालली असतां एक ख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीस विनवितो कीं, जुनीं पुराणें तुम्हीं वर्ज्य केलीं, तर त्यांच्या जागीं आम्हांस दुसरें पुराण द्यावें. हा प्रसंग काव्याचा उपोद्घात आहे, दप्तरी पुरावा नव्हे. तथापि मुलांच्या पाठाशेजारीं प्रौढांची मागणी ठेवण्यांत ग्रंथकर्त्याची तत्कालीन समाजाविषयींची समज दिसून येते.

दोतोर्न व पुराण यांचे धर्म भिन्न आहेत. स्टीफन्सची दोतोर्न १६२२ मध्यें छापली गेली. ती कोंकणींत, गद्यांत व संक्षिप्त. पुराण मराठींत, दोन भागांचें, ९५ अवस्वरांचें व सुमारें ११ हजार ओव्यांचें. त्यांत स्वर्गास ‘वैकुंठ’ असा परिचित शब्द योजला आहे. रविवारीं व सणाच्या दिवशीं तें चर्चमध्यें वाचलें जाई. ओवी ऐकण्यास अक्षरओळख लागत नाहीं. म्हणून दोतोर्न घोकणारें मूल आणि जुन्या पुराणांची आठवण असलेला वृद्ध एकाच श्रोतृवर्गांत बसूं शकले. १६४९ व १६५४ मध्यें ग्रंथ पुन्हां छापावा लागला, यावरून त्याचा खप कळतो.

हें ऐक्य राज्यकर्त्यांस मात्र मानवलें नाहीं. ता. २७ जून १६८४ च्या हुकुमानें व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यानें, तीन वर्षांत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी, असें फर्माविलें. नातवानें नव्या भाषेंत प्रार्थना करावी आणि आजीस ती कळूं नये, असा या हुकुमाचा परिणाम झाला असता. कोंकणी घरांतून व चर्चमधून गेली नाहीं, हा हुकुमाचा पराभव होय. पण देशी भाषेंतील धर्मग्रंथांचें गोव्यांतील मुद्रण खुंटलें, हें नुकसान खरें.

छापील प्रती नाहींशा झाल्या, तरी कानडा प्रांतांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं हस्तलिखितें जपलीं. त्यांच्याच आधारें जोसेफ साल्दान्हा यांनीं १९०७ मध्यें मंगळुरास रोमन लिपींतील आवृत्ति काढली. देवनागरी आवृत्ति शांताराम बंडेलू यांनीं १९५६ मध्यें पुण्यास प्रसिद्ध केली. ज्या ग्रंथास छापखाना राहिला नाहीं, तो नकला करणार्‍या हातांनीं व ऐकणार्‍या कानांनीं टिकविला. सक्तीनें आलेल्या धर्मास लोकांनीं आपल्या भाषेच्या आधारें कसें आपलेंसें केलें, याचें हें एक ठळक उदाहरण होय. म्हणून मराठी वाङ्मयाच्या इतिहासाबरोबरच कुटुंबाच्या इतिहासांतही ‘ख्रिस्तपुराणा’स स्थान दिलें पाहिजे.