व्हॉयेजर यानांची देखभाल

व्हॉयेजर-१ आणि व्हॉयेजर-२ ही अमेरिकेच्या नासा या संस्थेची मानवरहित अवकाशयाने सौरवाऱ्याच्या प्रभावक्षेत्रापल्याड चालती ठेवण्यासाठी पृथ्वीवरून केले जाणारे तांत्रिक काम. हे काम कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतून (जेपीएल) चालते. व्हॉयेजर-२ हे २० ऑगस्ट १९७७ रोजी आणि व्हॉयेजर-१ त्याच वर्षी ५ सप्टेंबरला केप कॅनाव्हरल येथून सुटले. मूळ योजना गुरू व शनी या दोन ग्रहांपुरती, सुमारे पाच वर्षांची होती. व्हॉयेजर-२ पुढे युरेनस (१९८६) आणि नेपच्यून (१९८९) यांच्याजवळून गेले. सौरवाऱ्याचा प्रभाव जिथे संपतो ती सीमा व्हॉयेजर-१ ने ऑगस्ट २०१२ मध्ये आणि व्हॉयेजर-२ ने नोव्हेंबर २०१८ मध्ये ओलांडली. तेथून पुढच्या अवकाशातून प्रत्यक्ष मोजमापे पाठवणारी ही दोनच याने आहेत.

या यानांच्या बाबतीत ‘दुरुस्ती’ म्हणजे केवळ रेडिओवरून पाठवलेली आज्ञा. व्हॉयेजर-१ पृथ्वीपासून २४ अब्ज किलोमीटरच्या पुढे गेले असून त्याच्याकडे आज्ञा पोहोचायला साडेबावीस तासांहून अधिक वेळ लागतो. उत्तर यायला पुन्हा तितकाच. त्यामुळे एक प्रयोग करून त्याचा परिणाम पाहण्यात जवळजवळ दोन दिवस जातात, आणि चुकीच्या आज्ञेचा परिणाम कळेपर्यंत ती परत घेण्याची वेळ टळलेली असते.

वीज : सर्व निर्णयांच्या मुळाशी विजेचा हिशेब आहे. सूर्यप्रकाश अपुरा पडणार हे आधीपासून माहीत असल्याने प्रत्येक यानावर तीन किरणोत्सारी औष्णिक जनित्रे बसवली आहेत. प्लुटोनियम-२३८ च्या क्षयातून निर्माण होणाऱ्या उष्णतेचे ती विजेत रूपांतर करतात. या समस्थानिकाचे अर्धायुष्य ८७.७ वर्षे आहे. उड्डाणाच्या वेळी सुमारे ४७० वॉट मिळत असत. तेव्हापासून दरवर्षी सुमारे ४ वॉट कमी होत गेले, कारण इंधनाबरोबर उष्णतेचे विजेत रूपांतर करणारे घटकही झिजतात. ही घट थांबवता येत नाही. म्हणून कोणते उपकरण केव्हा बंद करायचे, हाच देखभालीतला सर्वांत कठीण प्रश्न ठरतो.

प्रत्येक यानावर दहा वैज्ञानिक उपकरणे होती. ग्रहांच्या निरीक्षणासाठीच असलेली उपकरणे नेपच्यूननंतर टप्प्याटप्प्याने बंद झाली. व्हॉयेजर-१ चे कॅमेरे फेब्रुवारी १९९० मधील अखेरच्या छायाचित्रांनंतर बंद केले गेले. मग पाळी आली उपकरणांना ऊब देणाऱ्या हीटरांची. २०१९ मध्ये व्हॉयेजर-२ वरील वैश्विक किरण मापकाचा हीटर बंद केल्यावर त्याचे तापमान उणे ५९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. त्याची चाचणी उणे ४५ अंशांपर्यंतच झाली होती, तरीही ते चालत राहिले. २०२३ मध्ये त्याच यानावर विद्युत् दाबातील चढउतारांपासून संरक्षणासाठी राखून ठेवलेली थोडी वीजही उपकरणांकडे वळवण्यात आली. हा धोका विचारपूर्वक पत्करला गेला.

तरीही सप्टेंबर २०२४ मध्ये व्हॉयेजर-२ वरील प्लाझ्मा मापक बंद करण्याची आज्ञा द्यावी लागली. २०१८ मध्ये यानाने सीमा ओलांडल्याचा स्पष्ट पुरावा याच उपकरणाने दिला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हॉयेजर-१ चा वैश्विक किरण मापक आणि मार्चमध्ये व्हॉयेजर-२ चा अल्पऊर्जा भारित कण मापक बंद झाला. या शेवटच्या उपकरणाला फिरवणाऱ्या मोटरची चाचणी ५ लाख टप्प्यांपुरती झाली होती. बंद होईपर्यंत तिने ८५ लाखांहून अधिक टप्पे पूर्ण केले होते. मार्च २०२५ अखेर प्रत्येक यानावर तीन उपकरणे चालू उरली.

दिशानियंत्रण : यानाचा अँटेना सतत पृथ्वीकडे रोखलेला असावा लागतो. त्यासाठी हायड्रेझीन हे इंधन वापरणारे छोटे थ्रस्टर क्षणभर पेटवून यानाला हलके धक्के दिले जातात. इंधन पुरेसे आहे, अडचण नळ्यांची आहे. इंधनटाकीतील रबरी पडदा जुना होत चालल्याने त्यातून निघणारे सिलिकॉन डायऑक्साइड बारीक नळ्यांत साचते. एका नळीचे तोंड मूळच्या ०.२५ मिलिमीटरवरून ०.०३५ मिलिमीटरवर आले होते. २०१७ मध्ये दिशा राखणाऱ्या थ्रस्टरांची कार्यक्षमता घटल्याचे दिसल्यावर व्हॉयेजर-१ चे, १९८० पासून न वापरलेले मार्गसुधारणेचे थ्रस्टर ३७ वर्षांनी पेटवून पाहण्यात आले. त्याआधी अभियंत्यांना अनेक दशकांपूर्वीची माहिती आणि जुन्या असेंब्ली भाषेतील आज्ञावली उकरून काढावी लागली. थ्रस्टर चालले. २०२५ मध्ये तर २००४ पासून निकामी मानलेले, यानाला स्वतःभोवती फिरवणारे थ्रस्टरही पुन्हा वापरात आणले गेले.

संपर्क : यानाच्या प्रक्षेपकाची शक्ती फ्रिजमधल्या दिव्याइतकीच आहे आणि माहिती साधारणपणे सेकंदाला १६० बिट या गतीने येते. ती टिपण्याचे काम गोल्डस्टोन (कॅलिफोर्निया), माद्रिद आणि कॅनबेरा येथील नासाची अवकाश संपर्क केंद्रे करतात. नेपच्यूनजवळून जाताना व्हॉयेजर-२ चा मार्ग दक्षिणेकडे वळल्याने त्याला आज्ञा पाठवणे केवळ कॅनबेरा येथील ७० मीटर व्यासाच्या अँटेनालाच शक्य आहे. हा अँटेना दुरुस्तीसाठी बंद असला की व्हॉयेजर-२ शी एकतर्फीच नाते उरते : त्याचे ऐकता येते, त्याला सांगता येत नाही.

त्यातच व्हॉयेजर-२ ला जवळजवळ सुरुवातीपासून एक व्यंग आहे. एप्रिल १९७८ मध्ये त्याचा मुख्य ग्राही (रिसीव्हर) निकामी झाला. राखीव ग्राहीतील एक कॅपॅसिटरही बिघडलेला निघाला, त्यामुळे बदलत्या कंप्रतेचा मागोवा घेण्याची क्षमता त्याने गमावली. हा ग्राही आता अगदी अरुंद पट्ट्यातील संदेशच ऐकतो आणि तो पट्टाही ग्राहीच्या तापमानाबरोबर सरकतो. म्हणून पृथ्वीचे परिवलन, यानाची गती आणि यानातील तापमान यांचा हिशेब करून आज्ञा नेमक्या कंप्रतेवर पाठवावी लागते. एखादे उपकरण चालू किंवा बंद केले की आतले तापमान हलते. ते स्थिरावेपर्यंत आज्ञा थांबवून ठेवतात. युरेनस व नेपच्यूनची सगळी निरीक्षणे या एका अधू ग्राहीच्या भरवशावर झाली, हे सहसा सांगितले जात नाही.

जुलै २०२३ मध्ये चुकीच्या आज्ञेमुळे याच यानाचा अँटेना पृथ्वीपासून २ अंश ढळला. कॅनबेराहून पूर्ण शक्तीने पाठवलेली आज्ञा यानाने ऐकली आणि ३७ तासांच्या प्रतीक्षेनंतर, ४ ऑगस्टला, संपर्क पूर्ववत झाला. तसे झाले नसते तर ऑक्टोबरमध्ये यानाने आपली दिशा आपोआप सुधारली असती. अशी तरतूद त्याच्या आज्ञावलीत आहे.

संगणक : प्रत्येक यानावर तीन प्रकारचे, जोडीने बसवलेले सहा संगणक आहेत. सर्वांची एकत्रित स्मृती सुमारे ७० किलोबाइट. त्यातील आज्ञावली अवकाशात असतानाही बदलता येते, आणि हाच गुण सर्वाधिक कामी आला. युरेनसच्या भेटीआधी छायाचित्रांतील माहिती संक्षिप्त करण्याची नवी पद्धत अशीच यानावर चढवण्यात आली होती.

१४ नोव्हेंबर २०२३ पासून व्हॉयेजर-१ कडून अर्थहीन, पुन्हा पुन्हा येणारे तेच शून्य-एक मिळू लागले. यान आज्ञा ऐकत होते, पण बोलणे निरर्थक झाले होते. उपकरणांची माहिती एकत्र बांधणाऱ्या संगणकावर संशय होता. त्याचा जोडीदार १९८० च्या दशकातच निकामी झालेला. मार्च २०२४ मध्ये या संगणकाला नेहमीच्या क्रमाबाहेरील सूचना करून पाहिली असता परत आलेल्या संदेशात थोडा वेगळेपणा दिसला. संपर्क केंद्रांच्या एका अभियंत्याने तो उलगडला. तो संगणकाच्या संपूर्ण स्मृतीचा उतारा होता. आधीच्या उताऱ्याशी ताडून पाहता सुमारे ३ टक्के स्मृती एका चिपच्या बिघाडामुळे गेल्याचे कळले. चिप बदलणे अशक्य, आणि तिथली आज्ञावली अखंड मावेल इतकी मोकळी जागा दुसरीकडे नाही. म्हणून तिचे तुकडे करून स्मृतीत मिळेल तिथे बसवले आणि ते एकमेकांशी नीट जुळतील अशा रीतीने सगळे संदर्भपत्ते बदलले. पहिला तुकडा १८ एप्रिलला पाठवला, २० एप्रिलला यानाच्या प्रकृतीची सुसंगत माहिती आली, आणि जूनमध्ये चारही उपकरणे पूर्ववत झाली. सुट्या भागाविना केलेली इतक्या दूरची ही दुरुस्ती अभियांत्रिकीच्या इतिहासात वरच्या स्थानी मानावी लागेल.

मनुष्यबळ : यान बांधणाऱ्यांपैकी बहुतेक निवृत्त झाले किंवा निवर्तले. एड स्टोन १९७२ ते २०२२ अशी पन्नास वर्षे मोहिमेचे मुख्य वैज्ञानिक होते. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. आजच्या बिघाडांची कल्पनाही नसलेल्यांनी लिहिलेल्या कागदपत्रांतून वाट काढणे, हा आताच्या छोट्या गटाच्या कामाचा मोठा भाग आहे. यानांवरील एकाच वस्तूला देखभाल लागत नाही : सोन्याचा मुलामा दिलेली ध्वनिमुद्रिका. तिच्यात मराठीतील शुभेच्छा आणि मूळच्या गोव्यातील केरीच्या गायिका केसरबाई केरकर यांचे गायन आहे.

भवितव्य : २०३० च्या दशकापर्यंत प्रत्येक यानावर निदान एक उपकरण चालू ठेवण्याचा प्रयत्न आहे. पायोनियर-१० या आधीच्या यानाची वीज घटत जाऊन त्याचा अखेरचा क्षीण संदेश जानेवारी २००३ मध्ये मिळाला होता. व्हॉयेजरांचा शेवटही बहुधा तसाच होईल. त्यांच्यामागून त्या सीमेकडे जाणाऱ्या न्यू होरायझन्स या यानावर चुंबकत्वमापक नाही. त्यामुळे सौरवाऱ्याच्या पलीकडील चुंबकीय क्षेत्राचे प्रत्यक्ष मोजमाप या दोन यानांवरच अवलंबून आहे आणि त्यांची जागा घेणारे यान अद्याप निघालेले नाही.