जलसंपदा शिक्षणाचा इतिहास आणि शिवनाथचा धडा

जलसंपदा व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात जलविज्ञानाच्या जोडीला कायदा आणि अर्थशास्त्र कशासाठी, असा प्रश्न तुम्हाला पडेल. त्याचे उत्तर इतिहासात सापडते.

आपल्याकडे या विषयाचे औपचारिक शिक्षण कालव्यांच्या गरजेतून सुरू झाले. गंगा कालव्यासाठी प्रशिक्षित माणसे हवी होती, म्हणून १८४७ मध्ये रुडकी येथे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. १९५५ मध्ये तेथेच आशिया व आफ्रिकेतील अभियंत्यांसाठी जलसंपदा विकास प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. पुढे लक्षात आले की धरण बांधले तरी कालव्याच्या शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचतेच असे नाही. महाराष्ट्रात १९८० मध्ये औरंगाबादला जल व भूमी व्यवस्थापन संस्था (वाल्मी) स्थापन झाली. म्हणजे भर बांधणीकडून वाटपाकडे सरकला.

वाटपाचा प्रश्न किती अवघड असतो, हे छत्तीसगडमधील दुर्ग-भिलाई परिसरात दिसते. पद्मनाभपुर ज्या दुर्ग शहरात आहे, ते शिवनाथ नदीकाठी वसले आहे. १९९८ मध्ये, छत्तीसगड राज्य होण्यापूर्वी, बोरई औद्योगिक क्षेत्राला पाणी देण्यासाठी शासकीय महामंडळाने रेडियस वॉटर या खासगी कंपनीशी २२ वर्षांचा करार केला. नदीचा सुमारे २३ किलोमीटरचा पट्टा त्यात आला. पाणी उचलले जावो वा न जावो, महामंडळाने रोज किमान ४० लाख लिटरचे पैसे द्यायचे, अशी अट होती.

आता गणित करून पाहा. ४० लाख लिटर म्हणजे ४,००० घनमीटर. त्याला ८६,४०० सेकंदांनी भागा. उत्तर येते सेकंदाला सुमारे ४६ लिटर. प्रवाह म्हणून हा आकडा किरकोळ आहे. वाद पेटला तो काठच्या गावांच्या मासेमारीच्या आणि पाणी वापरण्याच्या हक्कावरून. नैसर्गिक संपत्ती शासनाकडे जनतेची विश्वस्त म्हणून असते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच कमलनाथ खटल्यात मांडले होते. २००७ मध्ये छत्तीसगड विधानसभेच्या लोकलेखा समितीने करार रद्द करण्याची शिफारस केली.

बंधाऱ्याची उंची सूत्राने काढता येते. नदीवर पहिला हक्क कोणाचा, हे मात्र त्या सूत्रात येत नाही. म्हणून दोन्ही शिकायचे.

विचार करा: तुमच्या गावच्या नदीचे पाणी कोणाला, किती आणि कोणत्या अटीवर दिले जाते?