संडूरचा चढ

बारामती एमआयडीसीतल्या आम्हा सायकलवाल्यांनी या सुट्टीत संडूर गाठलं. होस्पेटपर्यंत सायकली टेम्पोत, पुढे पॅडल. बल्लारी जिल्ह्यातले हे डोंगर लोखंड आणि मँगनीजचे. खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ आम्हा सगळ्यांच्या अंगावर सारखीच बसली.

संडूर म्हणजे घोरपड्यांचं मराठी संस्थान. हैदर-टिपूंनी बांधलेल्या कृष्णनगरच्या किल्ल्यापाशी दम खात बसलो, तेव्हा एक मित्र हसत म्हणाला, "हे तुमच्या हैदरने बळकावलं होतं ना?"

बळकावलं, हे खरंच. १७७६ मध्ये गुत्तीच्या मुरारराव घोरपड्यांचा पाडाव झाला, ते हैदरच्या कैदेत वारले आणि संडूरही गेलं. पुढे घोरपड्यांनी ते परत मिळवलं. पण १८१७ मध्ये ते पुन्हा गेलं. या वेळी मागणी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांची होती आणि त्यांच्यासाठी ताबा घेतला इंग्रजांच्या टॉमस मन्रोने. पेशवाई बुडाल्यावर, १८१८ मध्ये, संडूर घोरपड्यांना परत मिळालं.

भूक मुलखाची होती, धर्माची नव्हे. ती अजून भागलेली नाही. बेकायदा उपसा इतका वाढला की २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बल्लारीतलं खाणकाम थांबवावं लागलं.

मग हैदरचा हिशोब बारामतीत घाम गाळणाऱ्या माझ्या घराने का द्यावा? मी मित्राला एवढंच विचारलं, "मग बाजीराव तुझा का?"

तो गप्प झाला. उतारावर माझी चेन पडली, तेव्हा हात काळे करून ती बसवली मात्र त्यानेच.