धर्मादाय सोडत : टाउन हॉल ते टहरौली

झाशी जिल्ह्यातली टहरौली मराठी वाचकाला ठाऊक असण्याचे फारसे कारण नाही. पण तिच्याजवळचे गुरसराय आपल्या इतिहासात आहे. गोविंदपंत खेर, ज्यांना आपण गोविंदपंत बुंदेले म्हणून ओळखतो, त्यांच्या वंशजांची ती जहागीर. झाशी नेवाळकरांची. त्यामुळे या मुलखात मराठी घरे, मराठी देवळे आणि गणपती यांचा इतिहास जुना आहे.

अशा ठिकाणी एखाद्या मंडळाने देवळाच्या दुरुस्तीसाठी दहा-दहा रुपयांची कुपने छापली आणि शेवटच्या दिवशी सोडत काढून कुकर, पंखा, सायकल वाटायचे ठरवले, तर परवानगी कोणाची घ्यायची? प्रश्न किरकोळ वाटतो. पण त्याचे उत्तर शोधू लागलो की दोनशे वर्षे मागे जावे लागते.

चांगल्या कामासाठी सोडत काढण्याचा धडा या देशात कंपनी सरकारनेच मोठ्या प्रमाणावर गिरवला. कोलकात्याचा टाउन हॉल सोडतीच्या पैशांतून उभा राहिला. १८१७ साली तिथे नगरसुधारणेसाठी चक्क ‘लॉटरी कमिटी’ नेमली गेली आणि शहरातले रस्ते आणि तळी तिच्या निधीतून झाली. मुंबईच्या टाउन हॉललाही आरंभीचा पैसा सोडतींनीच दिला. तो पुरेना, तेव्हा सरकारने पदरचे घालून १८३३ मध्ये काम पुरे केले. एशियाटिकच्या त्या प्रशस्त पायऱ्यांवर बसणाऱ्या वाचकाला आपण एका सोडतीच्या इमारतीत आलो आहोत, हे सहसा कोणी सांगत नाही.

पुढे वारे फिरले. इंग्लंडमध्ये १८२६ साली सरकारी लॉटरी बंद झाली. इथे १८४४ च्या पाचव्या कायद्याने सरकारची परवानगी नसलेल्या सगळ्या लॉटऱ्या बंद केल्या. १८७० मध्ये तोच विचार भारतीय दंडविधानात कलम २९४-अ म्हणून शिरला. बिनपरवाना सोडतीसाठी जागा चालवली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, सोडतीची जाहिरात केली तर हजार रुपयांपर्यंत दंड. बंदी लॉटरीवर नव्हती, बिनपरवाना लॉटरीवर होती, हे इथे लक्षात घ्यायला हवे. हेतू धर्मादाय आहे की नाही, हे कलम विचारतच नाही. ते फक्त विचारते : सरकारने होकार दिला होता का?

झाशीच्या परिसराला लागू झालेला दुसरा कायदा १८६७ चा, सार्वजनिक जुगाराचा. तो वायव्य प्रांतासाठीही होता, पण त्या वेळी खुद्द झाशी शहर इंग्रजांकडे नव्हते. १८६१ मध्ये ते शिंद्यांना दिलेले होते आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला व मुरारच्या बदल्यात परत आले. भोवतीचा मुलूख इंग्रजी, शहर शिंदेशाही, आणि मधूनमधून धुरवई, बिजना, टोडी फतेहपूर, बंका पहाडी यांसारख्या बुंदेल्यांच्या छोट्या जहागिरी. दोन-चार कोसांवर अंमल बदलत असे. शिवाय या कायद्यातली बरीचशी कलमे आपोआप सर्वत्र लागू नव्हती. शहरे, कसबे आणि रेल्वे स्टेशनाभोवतीचा तीन मैलांचा टापू इथे ती लागू करायची की नाही, हे लेफ्टनंट गव्हर्नर ठरवत. रस्त्यावरच्या, उघड्यावरच्या जुगाराला मात्र सर्वत्र बंदी होती.

या कायद्याने सूट दिली ती केवळ कौशल्याच्या खेळांना. देवकार्याला नाही. उलट ‘जुगाराचा अड्डा’ या शब्दाची व्याख्याच अशी आहे की जागा वा साधने पुरवणाऱ्याला त्यातून फायदा होत असेल तर तो अड्डा. आपल्याकडे त्या कटौतीला ‘नाल’ म्हणतात. आता मंडळाच्या तंबोल्यात प्रत्येक डावातले थोडे पैसे देवळाच्या पेटीत जातात. व्याख्येच्या अक्षराला धरून पाहिले तर ती पेटीही नालेसारखीच दिसू शकते, कारण फायदा पुढे कोणत्या कार्याला जातो याचा तिथे उल्लेखच नाही. ज्या गोष्टीमुळे आपण त्या खेळाला निरुपद्रवी मानतो, तीच कायद्याच्या नजरेत संशयाची ठरते.

याला वेगळी वाट इंग्लंडने १९३४ मध्ये काढली. बाजार, जत्रा, आनंदमेळा यांच्या ओघात होणारी छोटी सोडत कायदेशीर ठरली, पण अटींवर : रोख बक्षीस नाही, तिकिटे फक्त कार्यक्रमाच्या जागी आणि कार्यक्रम चालू असतानाच विकायची, खर्च वजा जाता पैसा कोणाच्या खासगी लाभासाठी वापरायचा नाही. एखाद्या संस्थेच्या सभासदांपुरत्या खासगी सोडतीलाही मोकळीक मिळाली. मुंबई इलाख्याच्या १९४८ च्या कायद्याने हाच साचा घेतला. सर्व लॉटऱ्या बेकायदा ठरवून त्याने करमणुकीच्या ओघातली सोडत आणि खासगी सोडत तेवढी बाजूला काढली. मुंबईतल्या मंडळाला एक खिडकी मिळाली. १८६७ च्या कायद्याखाली राहिलेल्या झाशीकडच्या मंडळाला त्या कायद्यात ती मिळाली नाही.

मुंबईच्याच त्या कायद्यावरून आर. एम. डी. चमारबागवाला खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५७ च्या निकालात सरन्यायाधीश सुधिरंजन दास यांच्या घटनापीठाने सांगितले की जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे. खटला कोड्यांच्या बक्षीसयोजनांचा होता, पण परिणाम दूरवर पोचला. सोडत काढणे हा कोणाचाच हक्क राहिला नाही, ती सवलत झाली. आणि सवलत देणारा ती देईलच असे नसते.

सरकारने ती स्वतःला मात्र सढळ हाताने दिली. १९६७ मध्ये केरळने आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने राज्य लॉटरी सुरू केली. घटनेत सरकारी लॉटरी केंद्राच्या यादीत आहे, जुगार राज्यांच्या. १९९८ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांच्या लॉटऱ्यांना नियम घातले : तिकिटे राज्याने छापायची, सोडत राज्याने काढायची, उत्पन्न राज्याच्या खात्यात जमा करायचे. परराज्याच्या लॉटरीला बंदी घालण्याचा अधिकारही त्यात आला. त्यावरून उत्तर प्रदेशाशी झालेल्या बी. आर. एंटरप्रायझेस खटल्यात १९९९ मध्ये न्यायालयाने ठरवले की जे राज्य स्वतः लॉटरी चालवत नाही, त्यालाच अशी बंदी घालता येईल. या सगळ्या चर्चेत राज्ये होती, मोठे वितरक होते, महसूल होता. गावातले मंडळ कुठेच नव्हते.

आज कलम २९४-अ गेले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २९७ आले. मजकूर जवळपास तोच, जाहिरातीचा दंड मात्र पाच हजारांपर्यंत. न्यायालयांनी लॉटरीची ओळख तीन खुणांनी सांगितली आहे : बक्षीस, दैव आणि मोबदला. टहरौलीतल्या त्या कल्पित कुपनात तिन्ही आहेत. ‘वर्गणीची पावती, सोबत सोडत फुकट’ असे छापले तरी पैसे दिल्याशिवाय चिठ्ठी मिळत नसेल तर मोबदला लपत नाही. महाराष्ट्रात वर्गणी गोळा करण्यासाठी धर्मादाय आयुक्तांकडे जाण्याची रीत मंडळांच्या अंगवळणी पडली आहे. अर्ज, हिशेब, मुदत हे सगळे ठरलेले. सोडतीसाठीही तसाच एक पानी अर्ज का असू नये?

याला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे पोकळ नाही. धर्माच्या नावाखाली अड्डे चालतात, आणि आधी कुकर ठेवणाऱ्याला पुढच्या वर्षी मोटारसायकल ठेवावीशी वाटते. म्हणूनच १९३४ च्या अटी शहाणपणाच्या होत्या : रोख नको, जागेबाहेर विक्री नको, खासगी लाभ नको. नियम नसल्याने सोडती थांबत नाहीत, त्या मेहेरनजरेवर चालतात. आणि मेहेरनजरेवर चालणारी गोष्ट कधीही, कोणावरही उलटू शकते. एका मंडळाकडे काणाडोळा करायचा आणि दुसऱ्यावर गुन्हा दाखल करायचा, हे त्या त्या दिवशीच्या हवालदाराच्या हाती राहते.

सोडतीच्या पैशावर शहराचा दिवाणखाना बांधणाऱ्या सत्तेनेच हे दार बाकीच्यांसाठी लावून घेतले. मुंबईत ते थोडे किलकिले झाले. टहरौलीसारख्या गावाला ते उघडून हवे असे नाही. त्यावर कडी कुठे आहे, एवढे स्पष्ट लिहिलेले असले तरी पुरे.