स्वतंत्र गॅरेजचे उष्णतारोधन आणि वायुवीजन

स्वतंत्र गॅरेजचे उष्णतारोधन आणि वायुवीजन या राहत्या घरापासून अलग बांधलेल्या गॅरेजशी संबंधित दोन परस्परावलंबी प्रक्रिया होत. भिंती, छत, दार व जमीन यांतून होणारी उष्णतेची देवाणघेवाण कमी करणे म्हणजे उष्णतारोधन. आतील दमट व दूषित हवा बाहेर काढून तिच्या जागी ताजी हवा आणणे म्हणजे वायुवीजन. मराठीत ‘गॅरेज’ हा शब्द वाहनदुरुस्तीच्या दुकानासाठीही रूढ आहे. येथे मात्र घरमालकाची मोटार ठेवण्याची बंदिस्त जागा अभिप्रेत आहे. हा विषय प्रामुख्याने अमेरिका व कॅनडा येथील लाकडी सांगाड्याच्या बांधकामाशी निगडित आहे. तेथे अशा गॅरेजचा वापर सुतारकाम, वाहनदुरुस्ती वा छंदाची कार्यशाळा म्हणूनही केला जातो. उष्णतारोधनामुळे वास्तू जितकी हवाबंद होते, तितकी वायुवीजनाची गरज वाढते. त्यामुळे दोहोंचे नियोजन एकत्र करावे लागते.

स्वरूप

घराला जोडलेल्या गॅरेजची किमान एक भिंत घराशी सामाईक असते व तिच्यातून थोडी उष्णता मिळते. स्वतंत्र गॅरेजच्या चारही भिंती बाहेरच्या हवेला उघड्या असतात. मात्र त्यातील धूर किंवा इंधनाची वाफ थेट घरात शिरत नाही, हा त्याचा मोठा लाभ होय.

उष्णतारोधन स्वतः उष्णता निर्माण करत नाही; ते केवळ उष्णता बाहेर जाण्याचा किंवा आत येण्याचा वेग कमी करते. त्यामुळे तापनाची सोय नसलेले गॅरेज भिंती भरून घेतल्यावरही दीर्घ हिवाळ्यात थंडच राहते. तापमानातील चढउतार तेवढे सौम्य होतात.

उष्णतारोधक साहित्य

रोधकाची क्षमता ‘आर-मूल्य’ या एककात सांगतात. हे मूल्य जितके अधिक, तितका उष्णतेला होणारा विरोध अधिक. अमेरिकी आर-मूल्याला ५.६८ ने भागल्यास मेट्रिक पद्धतीतील मूल्य मिळते.

* काचतंतूंची लोकर : सर्वांत प्रचलित व स्वस्त. सुमारे ८९ मिलिमीटर खोलीच्या भिंतीत आर-१३, तर १४० मिलिमीटर खोलीच्या भिंतीत आर-१९ ते आर-२१ क्षमतेच्या गाद्या बसतात. दाबून भरल्यास किंवा भिजल्यास त्यांची क्षमता घटते.
* सेल्युलोज : रद्दी कागदापासून बनवलेले व अग्निरोधक क्षारांची प्रक्रिया केलेले साहित्य. ते यंत्राने फुंकून पोकळीत भरतात.
* फेसयुक्त प्लॅस्टिक : पॉलिस्टायरिनचे कडक तक्ते किंवा फवारून लावायचा पॉलियुरेथेन फेस. कमी जाडीत अधिक रोध मिळतो. परंतु हे साहित्य ज्वलनशील असल्याने आतील बाजूने साधारणतः १२.७ मिलिमीटर जाडीच्या जिप्सम तक्त्याने झाकावे लागते.

गॅरेजचे मोठे दार हा बहुधा सर्वांत दुबळा भाग असतो. दाराच्या पत्र्यांत रोधक तक्ते बसवता येतात व कडांना रबरी पट्ट्या लावून फटी बुजवता येतात. मात्र तक्त्यांमुळे दाराचे वजन वाढते आणि ते तोलून धरणाऱ्या स्प्रिंगचा ताण पुन्हा जुळवावा लागतो. या स्प्रिंगमध्ये मोठी ऊर्जा साठलेली असल्याने हे काम जाणकाराकडूनच करून घेणे आवश्यक असते.

दमटपणा

२० अंश सेल्सिअस तापमान व ५० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू सुमारे ९ अंश असतो. अशी हवा भिंतीच्या आत शिरून त्याहून थंड पृष्ठभागाला लागली, तर तेथे पाणी साचते. परिणामी रोधक भिजतो, लाकूड कुजते व बुरशी वाढते. म्हणून थंड प्रदेशात भिंतीच्या उबदार, म्हणजे आतील बाजूस बाष्परोधक पटल लावतात. कॅनडात यासाठी ०.१५ मिलिमीटर जाडीची पॉलिथिलीन चादर वापरली जाते. उष्ण व दमट प्रदेशात वातानुकूलित गॅरेजच्या आतील बाजूस हेच पटल लावल्यास बाहेरून आलेले बाष्प त्याच्यामागे अडकते. त्यामुळे एका प्रदेशातील पद्धत दुसऱ्या प्रदेशात जशीच्या तशी लागू पडत नाही.

मोटारीवरून वितळणारा बर्फ, जमिनीतून काँक्रीटमध्ये चढणारी ओल आणि धुराडे नसलेले वायुतापक हे दमटपणाचे मुख्य स्रोत होत. १ किलोग्रॅम प्रोपेन पूर्ण जळाल्यास सुमारे १.६ किलोग्रॅम पाणी बाष्परूपाने हवेत मिसळते. रस्त्यांवर टाकलेले मीठ गाडीला चिकटलेले असल्यास उबदार व दमट गॅरेजमध्ये गंजण्याची क्रिया उलट जलद होते.

वायुवीजन

छताखालील पोकळीचे वायुवीजन आणि प्रत्यक्ष गॅरेजचे वायुवीजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोकळीसाठी वळचणीखाली हवा आत येण्याची व आढ्याजवळ ती बाहेर जाण्याची छिद्रे ठेवतात. अमेरिकी बांधकाम संहितेनुसार छिद्रांचे निव्वळ क्षेत्रफळ पोकळीच्या क्षेत्रफळाच्या १/१५० असावे लागते. ठरावीक अटी पाळल्यास ते १/३०० चालते. ३६ चौरस मीटरच्या गॅरेजसाठी हे प्रमाण अनुक्रमे ०.२४ व ०.१२ चौरस मीटर होते. छतात रोधक भरताना वळचणीची छिद्रे बुजू नयेत म्हणून तेथे पन्हळी अडसर बसवतात.

प्रत्यक्ष गॅरेजमध्ये एका बाजूस हवा आत घेणारी झडप व समोरच्या बाजूस बाहेर फेकणारा पंखा ही सोपी रचना होय. हवा आत येण्यास वाट नसेल, तर पंखा परिणामकारक ठरत नाही. शिवाय तो तापकाच्या धुराड्यातील धूर उलट आत ओढू शकतो.

सुरक्षितता

मोटारीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन व गंधहीन वायू रक्तातील हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनच्या तुलनेत २०० पटींहून अधिक प्रबळतेने जोडला जातो. डोकेदुखी, मळमळ व गुंगी ही विषबाधेची लक्षणे होत. ती साध्या थकव्यासारखी वाटत असल्याने धोका उशिरा लक्षात येतो. फटी बुजवलेल्या गॅरेजमध्ये हा वायू अधिक वेगाने साचतो. दार उघडे असले तरी आत इंजिन चालू ठेवणे सुरक्षित नसते. कोणतीही वायुवीजन व्यवस्था त्याला पर्याय ठरत नाही. थंडीतही काम करणारे कार्बन मोनॉक्साइड सूचक यंत्र बसवणे हिताचे असते.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत साचते. म्हणून ठिणगी किंवा ज्योत निर्माण करणारी उपकरणे जमिनीपासून किमान ४५७ मिलिमीटर उंचीवर बसवण्याचा नियम अमेरिकी संहितेत आहे.

जुन्या वास्तूंत खडीसारखा सुटा व्हर्मिक्युलाइट रोधक आढळल्यास तो हलवू नये. मोंटाना राज्यातील लिबी येथील खाणीतून १९९० पर्यंत निघालेल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये ॲस्बेस्टॉस मिसळलेले होते. त्याचे तंतू श्वासावाटे शरीरात गेल्यास फुप्फुसाचे गंभीर विकार व कर्करोग संभवतात.