फ्राय ओटो : हलक्या छपराचा ध्यास घेतलेला वैमानिक

वर्धापनदिन जवळ आला की मंडळात प्रथम मांडवाची चर्चा निघते. काही डांब, वर कापड, कडेने कनाती आणि खुंट्यांना ताणून बांधलेले दोर, एवढ्या सामग्रीवर शेकडो माणसांना सावली मिळते. आणि समारंभ आटोपला की दुसऱ्या दिवशी मैदान पूर्ववत मोकळे होते. या कामात मोठे शास्त्र भरलेले असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु जर्मनीतील एका गृहस्थांनी सारे आयुष्य याच शास्त्राच्या शोधात घालवले आणि जगातील अग्रगण्य वास्तुशिल्पज्ञांत व इंजिनियरांत स्थान मिळवले. त्यांचे नाव फ्राय ओटो. तरुणपणी ते लढाऊ विमानाचे वैमानिक होते, पुढे युद्धकैदी झाले, आणि त्या कैदेतच त्यांच्या पुढील कार्याची बीजे पडली. त्यांचा परिचय वाचक भगिनींना करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

फ्राय ओटो यांचा जन्म ३१ मे १९२५ रोजी जर्मनीत केम्निट्झ शहराजवळच्या झीगमार या गावी झाला. 'फ्राय' या जर्मन शब्दाचा अर्थ 'स्वतंत्र'. त्यांच्या आईने स्वातंत्र्यावरील एक व्याख्यान ऐकले होते, त्यावरून तिला हे नाव सुचले. वडील आणि आजोबा दोघेही मूर्तिकार. त्यामुळे शाळेच्या सुट्टीत मुलानेही पाथरवटाचे काम शिकून घेतले. पण त्याचे मन दगडापेक्षा आकाशात अधिक रमे. इंजिनाविना वाऱ्यावर तरंगणारी ग्लायडर विमाने उडवण्याचा आणि त्यांचे आराखडे काढण्याचा त्याला छंद होता. लाकडाचा बारीक सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेले पातळ आवरण, एवढ्यावर माणसाचे वजन हवेत पेलले जाते, याचे त्या मुलाला मोठे नवल वाटे. दगडाचे वजन आणि पंखाचे हलकेपण या दोन्ही गोष्टी त्याच्या हातांना लहानपणीच ओळखीच्या झाल्या.

तो काळ हिटलरच्या राजवटीचा होता. त्या राजवटीला दगडी भव्यतेचे फार वेड. हिटलरचा वास्तुशिल्पी आल्बर्ट श्पेअर याने न्यूरेम्बर्ग येथे पक्षाच्या मेळाव्यांसाठी अवाढव्य दगडी व्यासपीठ बांधले होते. बर्लिनमध्ये लाखाहून अधिक माणसे मावतील असे घुमटाकार सभागृह बांधण्याचीही योजना होती. हजारो वर्षांनी या इमारतींचे अवशेषसुद्धा भव्य दिसावेत, इथपर्यंत त्यांचा विचार पोहोचला होता. राज्य मात्र बारा वर्षांत लयाला गेले; आणि त्या बारा वर्षांत साठ लाख ज्यूंची हत्या झाली, सारे युरोप होरपळून निघाले.

१९४३ साली, अठराव्या वर्षी, फ्राय ओटो यांना सक्तीने सैन्यात घेण्यात आले. ग्लायडरचा अनुभव असल्यामुळे विमानदलात त्यांचे शिक्षण झाले व ते लढाऊ वैमानिक बनले. युद्ध त्यांनी मागितले नव्हते. तथापि एका अन्यायी राजवटीच्या सैन्यात ते होते, ही गोष्ट त्यांचे चरित्र सांगताना झाकून ठेवता येत नाही. युद्धाच्या अखेरीस तर विमान सुटून त्यांना पायदळातच उतरावे लागले. एप्रिल १९४५ मध्ये ते शत्रूच्या हाती सापडले, तेही न्यूरेम्बर्गजवळच. त्या वेळी त्यांना विसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

यानंतरची दोन वर्षे त्यांनी फ्रान्समध्ये शार्त्र येथील युद्धकैद्यांच्या छावणीत काढली. तेथे बांधकामाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. लाकूड, लोखंड, सिमेंट, सगळ्याचीच टंचाई. आणि माणसांना निवारा तर हवाच. हाती असेल तेवढ्यातच भागवायचे होते. घरात चार माणसांच्या शिध्यात अचानक आठ पाने वाढायची वेळ आली की गृहिणीची बुद्धी जशी चालू लागते, तशीच या तरुणाची चालू लागली. कमीत कमी साहित्यात जास्तीत जास्त जागा कशी झाकता येईल, हा प्रश्न त्यांना छावणीत पडला आणि तो त्यांनी जन्मभर सोडला नाही.

सुटकेनंतर १९४८ साली त्यांनी बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात वास्तुशिल्पाचे शिक्षण सुरू केले. १९५०-५१ मध्ये अभ्यासासाठी ते अमेरिकेला गेले असता न्यूयॉर्कमध्ये फ्रेड सेव्हेरूड या इंजिनियरच्या कचेरीत त्यांनी एक आराखडा पाहिला. उत्तर कॅरोलायना राज्यातील रॅली या शहरी बांधावयाच्या सभागृहाचा तो आराखडा होता. दोन तिरक्या कमानींच्या मध्ये पोलादी दोरांचे जाळे ताणून त्यावर छप्पर घालायचे, अशी ती कल्पना. ती मॅथ्यू नोविकी या पोलिश वास्तुशिल्पज्ञाची. हे नोविकी आपल्या चंडीगढ शहराच्या पहिल्या आराखड्यावर काम करीत होते. भारतातून परतताना, ३१ ऑगस्ट १९५० रोजी, मुंबईहून निघालेले त्यांचे विमान ईजिप्तमध्ये कोसळले आणि त्यांचा अंत झाला. आपले सभागृह त्यांना पाहता आले नाही. परंतु त्याच्या आराखड्याने एका जर्मन विद्यार्थ्याला दिशा दाखवली. १९५४ साली ओटो यांनी टांगत्या छपरांवर प्रबंध लिहून डॉक्टरची पदवी मिळवली.

या छपरांचे मर्म समजण्यास अवघड नाही. दोरीवर वाळत घातलेले लुगडे वाऱ्याने फडफडते, कारण ते एकाच दिशेने लोंबत असते. परंतु चौकोनी कापडाची दोन समोरासमोरची टोके वर बांधली आणि उरलेली दोन खाली ओढली, तर कापडाला घोड्याच्या खोगिरासारखा आकार येतो. मग एका दिशेचे धागे ते खाली जाऊ देत नाहीत आणि दुसऱ्या दिशेचे वर उडू देत नाहीत. दोन्हीकडून समतोल ताण बसला की पातळ कापडही वाऱ्याला दाद देत नाही. १९५५ साली कासेल शहरातील उद्यान-प्रदर्शनात ओटो यांनी वादकांसाठी असाच चार टोकांचा मांडव उभारला. त्यांना साथ मिळाली ती पिढीजात तंबू शिवणाऱ्या पेटर श्ट्रोमायर यांची. विद्यापीठाचा डॉक्टर आणि तंबूवाला यांनी शेजारी बसून बेतणे-शिवणे केले, याची नोंद शिवणकाम जाणणाऱ्या आपण भगिनींनी अवश्य घ्यावी. दोन वर्षांनी, १९५७ मध्ये, कोलोन येथे नृत्याच्या चौथऱ्यावर त्यांनी ताऱ्याच्या आकाराचा तंबू उभारला. तो लोकांना इतका आवडला की प्रदर्शन संपल्यावरही काढला गेला नाही.

आकार शोधण्याची त्यांची रीत पाहिली तर मुलांच्या खेळाची आठवण होते. तारेची वेडीवाकडी कडी साबणाच्या पाण्यात बुडवून बाहेर काढली की तिच्यावर पातळ पडदा धरतो. तो पडदा आपोआप कमीत कमी जागा व्यापतो आणि त्यात सगळीकडे सारखाच ताण असतो. म्हणजे कोठे सुरकुती नाही आणि कोठे फाटण्याची धास्ती नाही. ओटो अशा पडद्यांची छायाचित्रे घेत, त्यांवरून मापे काढीत आणि त्याच आकाराची छपरे बेतीत. कोळ्याचे जाळे, पक्ष्याच्या कवटीतील पोकळ हाड, पाण्यातील सूक्ष्म वनस्पतींची कवचे यांचाही त्यांनी जीवशास्त्रज्ञांच्या साहाय्याने अभ्यास केला. १९६४ साली श्टुटगार्ट येथे हलक्या बांधकामाच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था निघाली व ओटो तिचे प्रमुख झाले.

१९६७ साली कॅनडातील मॉन्ट्रिअल येथे जागतिक प्रदर्शन भरले. रोल्फ गुटब्रोट यांच्या सहकार्याने ओटो यांनी तेथे जर्मनीचे दालन उभारले. आठ उंच खांबांवर पोलादी दोरांचे जाळे ताणून सुमारे ८,००० चौरस मीटर जागा झाकली होती. बावीस वर्षांपूर्वी ज्या देशाच्या नावाने जग दचकत असे, त्या देशाने जगापुढे येताना किल्ला किंवा मनोरा न बांधता तंबू ठोकला, ही गोष्ट पाहणाऱ्यांच्या मनात भरली. पुढे तो तंबू उतरवण्यात आला. मात्र त्याआधी श्टुटगार्टमध्ये चाचणीसाठी उभारलेला त्याचा छोटा नमुना टिकला आणि त्याच छपराखाली ओटो यांची संस्था नांदू लागली.

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या वेळी तर या कल्पनेची सत्त्वपरीक्षाच झाली. मूळ योजना ग्युंटर बेनिश यांची. छपरासाठी ओटो सल्लागार होते आणि फ्रिट्झ लेओनहार्ट व यॉर्ग श्लाइख या इंजिनियरांनी त्याचे गणित बसवले. क्रीडांगण, सभागृह आणि तरणतलाव यांवर मिळून सुमारे ७५,००० चौरस मीटरचे पारदर्शक छत पसरले. १९३६ साली बर्लिनच्या दगडी क्रीडागारात हिटलरने ऑलिंपिक भरवले होते. त्याच्याशी हे छत ताडून पाहिले म्हणजे दोन जर्मनींतला फरक डोळ्यांना दिसतो. अर्थात हलकेपणालाही किंमत मोजावी लागली. दोरांचा ओढा धरून ठेवण्यासाठी जमिनीत प्रचंड पाये घालावे लागले आणि खर्च अंदाजापेक्षा फार वाढला. त्याच ऑलिंपिकमध्ये ५ सप्टेंबर १९७२ रोजी अतिरेक्यांनी इस्रायली खेळाडूंना ओलीस धरले; अकरा खेळाडू व मार्गदर्शक आणि एक जर्मन पोलीस प्राणाला मुकले. चांगले छप्पर माणसाला ऊन-पावसापासून वाचवते. माणसाच्या द्वेषापासून वाचवण्याची शक्ती कोणत्याही वास्तूत नाही, हे त्या दिवशी जगाला दिसले.

ओटो यांच्या कामातील मला सर्वांत आवडणारी इमारत मात्र मानहाइम येथील आहे. गळ्यातली साखळी दोन हातांत धरून सैल सोडली की ती स्वतःच एक वळण घेते. तेच वळण उलटे केले की उत्तम कमान होते. ही गोष्ट सतराव्या शतकात इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी सांगितली होती. ओटो यांनी बारीक साखळ्यांचे जाळे टांगून त्यावरून अख्ख्या सभागृहाचा आकार काढला. मग १९७५ च्या उद्यान-प्रदर्शनासाठी केवळ ५ सेंटिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्यांची चटई जमिनीवर विणली, ती हळूहळू वर उचलली आणि कडा पक्क्या केल्या. मध्ये एकही खांब नसलेला सुमारे ६० मीटर रुंदीचा घुमट तयार झाला. तो पेलेल की नाही हे पाहण्यासाठी पाण्याने भरलेली दोनशेहून अधिक कचऱ्याची पिंपे त्याला टांगली गेली. छप्पर टिकले. एका हंगामासाठी बांधलेली ही इमारत १९९८ साली संरक्षित वास्तू ठरली. पुढे दुरुस्तीचा खर्च पाहून ती पाडावी असेही सूर निघाले, पण अखेर ती राखण्याचेच ठरले.

पुढेही ओटो यांचे काम थांबले नाही. म्युनिकच्या प्राणिसंग्रहालयात १९८० साली त्यांनी पक्ष्यांसाठी पोलादी जाळीचे तरल छत उभारले. २००० साली हानोव्हर येथील प्रदर्शनात जपानी वास्तुशिल्पज्ञ शिगेरू बान यांनी कागदाच्या नळ्यांचे दालन बांधले, त्यातही त्यांची साथ होती. मार्च २०१५ मध्ये वास्तुशिल्पातील सर्वोच्च समजला जाणारा प्रिट्झकर पुरस्कार त्यांना द्यावयाचे ठरले. ती वार्ता त्यांच्या कानी पडली होती. परंतु ९ मार्च रोजी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी पुरस्काराची घोषणा झाली. पुरस्कारासाठी आपण कधी काम केले नाही. गरिबांना आणि आपत्तीत सापडलेल्यांना निवारा मिळावा, ही आपल्या कामामागची ओढ होती, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले होते.

ज्या राजवटीने त्यांना विमानात बसवले, तिला हजार वर्षे टिकणारा दगड हवा होता. त्याच युद्धातून वाचलेल्या या माणसाने गरज असेपर्यंत उभे राहील आणि गरज सरताच जमिनीवर व्रण न ठेवता निघून जाईल असे छप्पर शोधले. काटकसर म्हणजे कद्रूपणा नव्हे. हाती असलेल्या वस्तूचा स्वभाव ओळखून तिच्याकडून पुरेपूर काम घेणे म्हणजे काटकसर, हे आपल्या घरोघरच्या भगिनी पूर्वापार जाणतात. फ्राय ओटो यांनी तीच गोष्ट इंजिनियरिंगच्या शास्त्रात सिद्ध करून दाखवली. यंदाच्या मांडवाखाली बसल्यावर क्षणभर वर पाहावे, दोरांचा ताण न्याहाळावा आणि या हलक्या हाताच्या माणसाचे स्मरण करावे, एवढीच विनंती.